साथ, संशोधन आणि श्रमिक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा जुना रिवाज आहे. आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावरील सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि तालुक्याच्या वाचनालयात. त्यामुळे 'कोरोनाच्या विषाणूवरील संशोधन आणि त्याचे परिणाम' हा विषय चालकांनी सुचविला, तेव्हा एखाद्या डॉक्टरांना बोलवा, असे आम्ही सांगून पाहिले. चालक म्हणाले, "डॉक्टर मागल्या वर्षी येऊन गेले. आता ज्यांच्यावर साथ गेली, त्यांच्या बाजूने कोणीतरी बोला." तेवढ्या अधिकारावर आम्ही उभे आहोत. जे सांगू ते वाचून, विचारून आणि पडताळून सांगू. आणि जेथे आमचे मत असेल, तेथे ते मत आहे असे स्पष्ट सांगू.

जुन्नर आणि आंबेगाव हे आपले दोन तालुके. पश्चिमेला नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत डोंगर, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. पूर्वेला कुकडीचे आणि घोडचे पाणी, ऊस, कांदा, टोमॅटो. एका बाजूला महादेव कोळी आणि ठाकर वाड्या, दुसऱ्या बाजूला दोन साखर कारखाने आणि नारायणगाव-मंचरचे बाजार. या भागात पोटासाठी आलेले ऊसतोडणी कामगार आहेत, वीटभट्टीवरचे कातकरी आहेत, बाजारातले हमाल आहेत, चाकण-भोसरीला रोज जाणारे ठेक्यावरचे तरुण आहेत, आणि वाडीवाडीत फिरणाऱ्या आशाताई आहेत. साथ सर्वांवर आली, हे खरे. पण सर्वांवर सारखी आली नाही. संशोधनाने दिलेल्या ज्ञानाचेही तसेच झाले. आजचे आमचे सगळे बोलणे या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. १९१८ साली जून महिन्यात मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने अंथरुणाला खिळले. महायुद्धाचा काळ, जहाजे येत होती, जात होती. ताप गोदीतून गिरण्यांत गेला, गिरण्यांतून चाळींत, आणि रेल्वेने देशभर. पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली ती भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. सबंध हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या शिरगणतीच्या इतिहासात असे दशक पुन्हा आले नाही.

त्या वेळच्या मुंबईच्या आकड्यांकडे पाहा. युरोपियनांत हजारी आठांच्या आसपास माणसे मेली, पारशांत नऊ, इतर हिंदूंत व मुसलमानांत एकोणीसच्या आसपास. आणि ज्यांना त्या काळी 'खालच्या जाती' म्हणत त्यांच्यात हजारी एकसष्टांवर. विषाणू तोच, हवा तीच, शहर तेच. फरक होता तो खोलीचा, अन्नाचा आणि आजारी पडल्यावर अंथरुणावर पडून राहता येण्याचा. ज्याला एक दिवस खाडा परवडत नव्हता, तो तापात गिरणीत उभा राहिला. आणि हा रोग कशाने होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. एका जंतूवर संशय होता, तो चुकीचा निघाला. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडनच्या संशोधकांना सापडला तो १९३३ साली, म्हणजे साथीनंतर पंधरा वर्षांनी.

आता या वेळचे पाहा. २०२० च्या ३० जानेवारीला केरळात देशातला पहिला रोगी सापडला. त्याच्या घशातला नमुना तपासला गेला तो आपल्या पुण्यात. महिना-दीड महिन्यात पुण्याच्या संशोधकांनी तो विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करून वाढविला. वर्ष संपताच १६ जानेवारी २०२१ ला देशात लस टोचणे सुरू झाले. पंधरा वर्षांचे काम दीड महिन्यावर आले, आणि जे १९१८ साली झालेच नव्हते ते वर्षात झाले. मानवी बुद्धीचा आणि मेहनतीचा हा विजय आहे, आणि तो मान्य करायला कामगार चळवळीच्या माणसाने मुळीच अनमान करू नये.

ही संस्था म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जिला सगळे 'एनआयव्ही' म्हणतात. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती पुण्यात काढली, तेव्हा तिचे नाव विषाणू संशोधन केंद्र असे होते. १९७८ पासून आजचे नाव. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने पडू लागली, तेव्हा गोचिडीतून पसरणारा तो नवा विषाणू याच केंद्राने शोधून काढला. २०१६ साली तो ताप आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला दिसला. रानात लाकूडफाट्याला, काजूला, हिरड्याला जो जातो, त्याची गाठ नव्या रोगाशी आधी पडते. आपल्या पश्चिम पट्ट्याने हे लक्षात ठेवावे.

विषाणू म्हणजे काय, हे आम्ही आमच्या सभासदांना आमच्या भाषेत सांगत असू. जंतू स्वतः खातो, स्वतः वाढतो. विषाणूला स्वतःचे काहीच नसते. त्याच्याजवळ फक्त एक हुकूमनामा असतो. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिथल्या यंत्रांना सांगतो, 'माझा माल काढा.' जागा दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचे, मेहनत दुसऱ्याची, आणि माल याचा! आमचे सभासद हसून म्हणत, "म्हणजे ठेकेदारच की!" उपमा त्यांनी पुरी केली. हा ठेकेदार जिवंत पेशीशिवाय वाढत नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्याला वाढवायला आफ्रिकेतल्या एका जातीच्या माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी वापरतात. पुण्यात तसाच तो वाढविला. त्या वाढविलेल्या विषाणूवरून रक्तातील प्रतिपिंडे ओळखणारी देशी चाचणी मे २०२० मध्ये तयार झाली; आणि तोच विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीला दिल्यावर, त्याला रसायनाने मारून कोव्हॅक्सिन लस तयार झाली. पुण्याच्या संस्थेत ती वीस माकडांवर तपासली गेली. संरक्षक पोशाख चढवून तासन् तास घामाघूम होऊन काम करणारे तंत्रज्ञ, पिंजरे धुणारे, नमुन्यांच्या पेट्या उचलणारे, रात्री गाडी हाकणारे चालक यांची नावे शोधनिबंधात येत नाहीत. आम्ही ती संशोधनाचा भागच समजतो.

दुसरी लस कोव्हिशील्ड. संशोधन ऑक्सफर्डचे, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे. देशात टोचलेल्या लशींत सर्वांत मोठा वाटा तिचाच. २१ ऑक्टोबर २०२१ ला देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला.

आता लशीविषयी लोकांत जे बोलले जाते, त्याला बगल देणे बरे नाही. तीन प्रश्न आम्हांला वारंवार विचारतात.

पहिला : लस घाईने दिली की काय? कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी आणीबाणीची परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती यायचे होते. सुमारे २५,८०० लोकांवरील ती चाचणी पुढे पुरी झाली आणि लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून सुमारे ७८ टक्के संरक्षण मिळते, असे निघाले. निष्कर्ष चांगला निघाला. पण आधी परवानगी आणि मग पुरावा या क्रमावर प्रश्न विचारणारांना देशद्रोही ठरविणे गैर होते. यंत्राला जाळी बसविली का, असे विचारणारा कामगार उत्पादनाचा शत्रू नसतो.

दुसरा : लशीने माणसे अचानक मरतात काय? तरुण माणसे एकाएकी गेली की गावात हीच कुजबुज होते. याचा अभ्यास वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने केला आणि २०२३ साली प्रसिद्ध केला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या अचानक मेलेल्यांची, तशाच जिवंत माणसांशी तुलना केली. लशीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो पूर्वी कोरोनाने रुग्णालयात राहावे लागलेल्यांत, घरात असे मृत्यू झालेल्यांत, मृत्यूपूर्वी भरमसाट दारू प्यालेल्यांत आणि मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतिशय जड श्रम केलेल्यांत. कोव्हिशील्डच्या जातीच्या लशीने रक्तात गुठळी होण्याचा अगदी विरळा धोका असतो, हेही शास्त्रानेच शोधून सांगितले आहे. ते लपविण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी तागडीत घाला, म्हणजे पारडे कोठे झुकते ते दिसेल.

तिसरा प्रश्न आमचा स्वतःचा आहे : लस कोणाच्या पैशाने झाली? कोव्हॅक्सिनच्या विकासावर वैद्यकीय संशोधन परिषदेने सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केले, आणि विक्रीवरील स्वामित्वधनापोटी जानेवारी २०२२ अखेर सुमारे १७१ कोटी रुपये तिला मिळाले, असे सरकारने संसदेत सांगितले. सरकारी तिजोरीत पैसा परत आला, हे चांगलेच झाले. परंतु एप्रिल २०२१ मध्ये, स्मशानात जागा मिळत नव्हती त्या दिवसांत, हीच लस राज्यांना ६०० रुपये आणि खाजगी रुग्णालयांना १,२०० रुपये असा दर जाहीर झाला होता. पुढे राज्यांचा दर ४०० वर आला आणि २१ जून २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना केंद्राने फुकट लस देण्याचे ठरले. लोकांच्या पैशातून जन्मलेल्या ज्ञानावर लोकांचा पहिला हक्क असावा, हे तत्त्व तेव्हा ओरडून सांगावे लागले. मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांना संगणकावर नाव नोंदविणे सक्तीचे होते. ज्या वाडीत फोनला रेंज धरण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथल्या मुलाने काय करावे? शहरातली मुले गाड्या काढून ग्रामीण केंद्रांवर टोचून घेऊन गेली, आणि केंद्राशेजारचा मजूर बांधावरून पाहत राहिला. दोष शहरातल्या मुलांचा नव्हता. दोष रांग लावणाऱ्या पद्धतीचा होता.

संशोधनाचे दुसरे अंग उपचारांचे. येथे एक शब्द समजून घ्यावा : तुलनात्मक चाचणी. पाचशे रोगी घेतले; चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना औषध दिले, अर्ध्यांना दिले नाही, बाकी सेवा सारखी. मग किती वाचले ते मोजले. हा सरळ हिशेब आहे, गुंतवळा नाही. अशा हिशेबाने जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले की, डेक्सामेथासोन हे काही रुपयांत मिळणारे जुने औषध, व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्या रोग्यांतील मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी करते. आपल्या देशात ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर रक्तद्रवाची, म्हणजे प्लाझ्माची, चाचणी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला की, त्याने आजार वाढण्याचे वा मृत्यूचे प्रमाण घटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत रेमडेसिव्हिर तपासले गेले. तिचे भारतातले काम आपल्या भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने पाहिले. तिचाही पहिला निष्कर्ष ऑक्टोबर २०२० चाच : मृत्यू टळण्यात फारसा फरक पडत नाही. पुढे अंतिम हिशेबात काही रोग्यांना थोडा फायदा दिसला, एवढेच.

हे निष्कर्ष पुस्तकांत येऊन सहा महिने झाले होते, तेव्हा २०२१ चा एप्रिल उजाडला. आणि आपण काय पाहिले? जुन्नर-मंचरपासून पुण्यापर्यंत मुलगे बापासाठी रेमडेसिव्हिर शोधत मोटारसायकली पळवीत होते. एका एका इंजेक्शनला पंधरा-वीस हजार रुपये मोजलेली घरे आम्हांला माहीत आहेत; कोणी गाय विकली, कोणी पोरीच्या लग्नाचे सोने मोडले. प्लाझ्मासाठी फोनवरून याचना चालल्या होत्या. तो उपचार सरकारी सूचनांतून काढला गेला तो मे २०२१ मध्ये. ज्या गोष्टीने खरोखर जीव वाचत होता, तो ऑक्सिजन, एक साधी खाट आणि वेळेवर नेणारी गाडी यांचाच तुटवडा होता. पश्चिमेच्या वाड्यांतून पुण्याचे मोठे सरकारी रुग्णालय शंभर किलोमीटरांच्या घरात. बोटाला लावायचे छोटे यंत्र आशाताईच्या पिशवीत असे. त्यावर आकडा ९४ च्या खाली गेला की माणूस हसत बोलत असला तरी धोक्यात आहे, हे तिला शिकविलेले होते. किती माणसे त्या यंत्रामुळे वेळेवर खाली आणली गेली, त्याची बेरीज कोणी केलेली नाही. शास्त्र प्रयोगशाळेत सिद्ध झाले म्हणजे काम संपत नाही. ते शेवटच्या वाडीत पोचविणारी माणसे लागतात, आणि त्यांना पगार लागतो.

तीच गोष्ट हवेची. आरंभी सगळा भर हात धुण्यावर आणि दाराच्या कड्या पुसण्यावर होता. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की, हा रोग हवेतून पसरत नाही. अनेक देशांच्या संशोधकांनी पुरावे गोळा करून ते मत बदलायला लावले. बंदिस्त, कोंदट, गर्दीच्या जागेत श्वासातून निघालेले सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, हे २०२१ मध्ये मान्य झाले. याचा अर्थ आपल्यासाठी काय? उघड्या शेतात कांदा काढणाऱ्या बाईला धोका कमी. पण तिला शेतावर नेणाऱ्या, ताडपत्री बांधलेल्या टेम्पोत पंचवीस बाया कोंबल्या तर धोका तेथे. उघड्या बाजारात कमी. ठेक्यावरच्या तरुणांच्या एका खोलीत आठ जण झोपतात तेथे जास्त. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत पाचगणीच्या एका निवासी शाळेत रोग कसा पसरला, याचा अभ्यास एनआयव्हीच्या संशोधकांनी केला होता. आपल्या घोडेगावच्या आदिवासी प्रकल्पाखाली कितीतरी आश्रमशाळा आहेत. एका दालनात खाटेला खाट लागून मुले झोपतात. खिडक्या वाढवा, पोटमाळ्याला झरोके द्या, ही मागणी वैद्यकशास्त्रातूनच निघते. पुण्यात २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये आयसर, विद्यापीठ आदी संस्थांनी पाच प्रभागांत रक्ते तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिकांना, ५१ टक्क्यांवर, लागण होऊन गेलेली आढळली; आणि सामायिक संडास वापरणाऱ्यांत ते प्रमाण स्वतंत्र संडास असणाऱ्यांहून बरेच जास्त होते. १९१८ चे आकडे आम्ही आधी सांगितले ते याचसाठी.

आता परिणामांकडे वळू. साथ ओसरली, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण शरीरात काय राहिले? ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच संघटनेने व्याख्या केली : आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी जी लक्षणे असतात, निदान दोन महिने टिकतात आणि ज्यांचे दुसरे कारण सापडत नाही, ती दीर्घ कोविडची लक्षणे. दम लागणे, थकवा, छातीत धडधड, आठवण न राहणे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने बरे झालेल्या २०७ माणसांची फुप्फुसे तपासली. सुमारे चव्वेचाळीस टक्क्यांत हवेतला प्राणवायू रक्तात उतरविण्याची शक्ती घटलेली निघाली, आणि एक तृतीयांशाहून अधिकांत फुप्फुस पुरते फुगत नव्हते. त्यांत आजार सौम्य होता तेही होते.

अशा अभ्यासात एक परीक्षा घेतात. रोग्याला सहा मिनिटे सपाट जागेवर चालवितात आणि किती अंतर कापले ते मोजतात. परीक्षा चांगली आहे. पण आमच्या बाजारातला हमाल सपाट जागेवर रिकाम्या हाताने चालून पोट भरीत नाही. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन तिरप्या फळीवरून ट्रकमध्ये चढणे ही त्याची परीक्षा. आमच्यातला एक पन्नाशीचा गडी २०२१ च्या उन्हाळ्यात आजारातून उठला. कागदावर तो 'बरा' होता. दहा गोण्यांनंतर त्याला भिंतीला टेकावे लागे. टोळीतल्या साथीदारांनी वर्षभर त्याचा वाटा आपल्या पाठीवर घेतला आणि मजुरी समान वाटली. पुढे तो स्वतःच म्हणाला, "तुमच्या जिवावर किती दिस खाऊ?" आणि रखवालीच्या निम्म्या पगारावर गेला. वैद्यकाच्या भाषेत ही 'श्रमक्षमतेतील घट'. त्याच्या घरात ती पोरीचे कॉलेज सुटणे होती. अशी घट किती जणांत झाली, हे आपल्या दोन तालुक्यांत कोणीही मोजलेले नाही.

परिणाम नुसते फुप्फुसावर झाले नाहीत. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रोगी नोंदले गेले होते. २०२० साली अठरा लाखच. सहा लाख माणसे बरी झाली नव्हती. ती दवाखान्यापर्यंत पोचली नव्हती. क्षयाचा न शोधलेला रोगी घरातल्यांना खोकत राहतो. टाळेबंदी २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री लागली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रांच्या सुपाऱ्या ठरवितात. त्या वर्षी राहुट्या ओस पडल्या, पुढच्या वर्षीही तेच. दोन हंगाम बुडाल्यावर ढोलकीवाले मजुरीला गेले. ऊसतोडणी कामगार कोप्यांत अडकून पडले. त्यांना गावी जाऊ देण्याचा निर्णय एप्रिलच्या मध्यावर झाला. आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, त्यात पश्चिम पट्ट्यातला हिरडा झोडपला गेला. ज्या घराचे वर्षाचे रोख पैसे हिरड्यावर, त्या घराला दवाखान्याचे भाडे कोठून येणार? साथीचा परिणाम मोजताना हे सगळे मोजले पाहिजे.

मेलेल्यांची गणती हा तर सर्वांत कटु विषय. सरकारी आकड्याप्रमाणे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत देशात सुमारे चार लाख ऐंशी हजार कोरोनामृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला तो सत्तेचाळीस लाख जादा मृत्यूंचा. भारत सरकारने ती रीत अमान्य केली. त्या वादात आम्ही न्यायाधीश नाही. पण सरकारच्याच जन्ममृत्यू नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू आहेत आणि २०२१ साली सुमारे १०२ लाख. एका वर्षात एकवीस लाख जास्त. यातला काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल, सगळा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोरोनामृत्यूला ५० हजार रुपये साहाय्य मिळू लागले. परंतु त्यासाठी कागद हवा. ज्या वाडीत चाचणीच झाली नाही, तेथे कोठला कागद? ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही, हा धडा कामगार चळवळ यंत्रात सापडलेल्या बोटांवरून कधीच शिकली आहे.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात धंद्यापासून होणाऱ्या रोगांची यादी होती. तिच्यात आरोग्यसेवेचे आणि प्रयोगशाळेचे काम करताना जडणारे संसर्गजन्य रोग पहिल्याच कलमात होते. कायद्याने मानले की, रोग्याची सेवा करताना रोग जडला तर ती कामावरची इजा होय. आज शास्त्रानेही दाखविले की, रोग्याच्या श्वासाजवळ जो राहतो त्याला धोका अधिक. कायदा आणि शास्त्र दोन्ही एका बाजूला आहेत. मग अडते कोठे? आशाताई 'कामगार' नाही, ती 'स्वयंसेविका', येथे अडते! १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला तो तिने. तिला त्या कामाचे महिना एक हजार रुपये केंद्राने दिले. दिवसाला तेहतीस रुपये. मृत्यू आल्यास पन्नास लाखांचा विमा होता. पण आजारी पडून महिना घरी बसली तर काहीच नव्हते. म्हणजे तिच्या मरणाला किंमत होती, दुखण्याला नव्हती. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, तेव्हा काही मंडळी म्हणाली, साथीत संप कसला? २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सर्व आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पुरस्कार भिंतीवर लागला. पगारपत्रक अजून लागलेले नाही.

टीका पुष्कळ झाली. आता काय करावे ते थोडक्यात सांगतो. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू येथे सत्तरच्या दशकापासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम चालू आहे, डॉ. बानू कोयाजींनी ते उभे केले. तेथे खेड्याखेड्यांतून घरनिहाय आरोग्याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली जाते, आणि श्वसनाच्या रोगांचे मोलाचे संशोधन त्या नोंदींवर उभे राहिले. खेड्यात संशोधन होत नाही, ही समजूत तेथे खोटी ठरली आहे. मग जुन्नर-आंबेगावात का होऊ नये?

आमची सूचना अशी. एक : प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही घालावी. कोणाला आजार झाला, तो कोणते काम करीत होता, किती दिवस बुडाले, आज दम लागतो का. आशाताईंना त्याचा मोबदला द्यावा. वही फुकट लिहून घेऊ नये. दोन : फुप्फुसाची शक्ती मोजणारे यंत्र मंचर, नारायणगाव, घोडेगाव, जुन्नर येथील सरकारी रुग्णालयांत असावे, आणि हमाल, तोडणी कामगार, वीटभट्टी कामगार यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. या लोकांच्या छातीत धूळ आणि धूर आधीच आहे. विषाणू त्यावर आला. तीन : संघटित कामगाराला राज्य विमा योजनेत आजारपणाचे ९१ दिवस सत्तर टक्के मजुरीने मिळतात. साथीच्या काळात असाच हक्क असंघटितांना द्यावा. यात दयेचा प्रश्न नाही. तापलेला माणूस घरी राहिला तर रोग पसरत नाही, हे शास्त्र आहे. मास्क आणि लशीइतकीच भरपगारी रजा हे साथ रोखण्याचे साधन आहे. चार : आशांना कामगार म्हणा आणि कामगाराचे हक्क द्या.

यातली पहिली गोष्ट करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. शंभर पानी वही आणि एक पेन पुरते. आमच्या संघटनेने बाजारातल्या टोळ्यांपुरती ती सुरू केली आहे. या सभेतील शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि तरुण मंडळींनी आपापल्या गावात ती घातली, तर संशोधकांना आपण म्हणू शकू : तुमच्याकडे यंत्रे आहेत, आमच्याकडे नोंदी आहेत, या, मिळून काम करू. १९१८ साली गेलेल्या आपल्या माणसांची गावागावांत नावे उरली नाहीत. या वेळी तरी ती लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.

 सभा संपल्यावर पायरीशी आम्ही थांबणार आहोत. ज्यांना वही घालायची असेल, त्यांना रकाने कसे आखायचे ते दाखवू.